ऑनलाइन विक्रीची पट्टी आणि घरची कीर्द

लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं आपल्याकडे वहीची पूजा होते. नव्या वहीच्या पहिल्या पानावर 'श्री' काढतात, हळदकुंकू वाहतात, आणि पाडव्यापासून तींत जमाखर्च सुरू होतो. अलीकडे कित्येक घरांत या वहीच्या जागीं लॅपटॉप मांडलेला मीं पाहिला आहे. त्याच्या झांकणावर कुंकवाचें बोट उमटलेलें असतें आणि घरांतील मुलें हळूच हसत असतात. मला त्यांत हसण्यासारखें कांहीं वाटत नाहीं. पूजा हिशेबाची असते. तो आतां यंत्रांत राहूं लागला असेल तर कुंकूही तेथेंच जाणार. मला काळजी वाटते ती निराळ्या गोष्टीची. वहींत जें उतरे तें आपल्या हातून उतरे, निदान मुनिमाच्या हातून तरी. यंत्रांत जें शिरतें तें पुष्कळदां कोणींही न वाचतांच शिरतें.

आज मला बोलावयाचें आहे तें याच शिरण्याविषयीं. घरीं मसाले, लोणचीं, गोधड्या, मातीचे दागिने असा माल करून तो ऑनलाइन बाजारपेठांतून विकणारीं कुटुंबें आपल्या शहरांतून आतां पुष्कळ झालीं आहेत. बाजारपेठेकडून त्यांना विक्रीची एक फाइल मिळते, आणि ती टॅली, झोहो बुक्स यांसारख्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्यें घालतां येते. या क्रियेला तेथें 'इंपोर्ट' असें नांव आहे. दोन बटणें दाबलीं कीं काम झालें, असें सांगणारे तरुण मित्र मला नेहमीं भेटतात. माझ्या अनुभवाप्रमाणें तेथून कामाला आरंभ होतो. तो कसा, हें एका ओळखीच्या घरच्या उदाहरणानें सांगतों.

आमच्या सोसायटींत एक वहिनी गोडा मसाला करतात. धने भाजण्याचा वास जिन्यांत आला कीं आज मोठी मागणी आहे असें आम्ही समजतों. मसाला उत्तम, पुण्याबाहेर बेळगांव, हैदराबाद, दिल्लीपर्यंत जातो. गेल्या खेपेस दिवाळीच्या थोडें आधीं एका संध्याकाळीं त्या हातांत एक कागद घेऊन आमच्याकडे आल्या.

"भाऊजी, हें काय लिहिलें आहे तें जरा बघतां का? मीं तर एक पैसाही लपवलेला नाहीं हो."

कागद जीएसटी खात्याचा होता. मागील वर्षाच्या मासिक विवरणांत वहिनींनीं दाखविलेली विक्री आणि ज्या बाजारपेठेंतून त्या माल विकतात तिनें सरकारला कळविलेली त्यांचीच विक्री, या दोहोंत बरीच तफावत आहे, ती कां, असा त्यांत प्रश्न होता. बोलतांना 'कर चुकवला' हे शब्द त्यांच्या तोंडून दोनदां आले आणि दोन्ही वेळां त्यांचा आवाज खालीं गेला.

मीं विचारलें, "विक्रीचा आंकडा तुम्ही कोठून घेतां?"

"बँकेंतून. जेवढे पैसे आले तेवढी विक्री. मुलगी दर महिन्याला तेवढा आंकडा भरते."

मला आमच्या आजोबांची आठवण झाली. ते कोल्हापूरच्या बाजारांत अडत्याकडे गूळ पाठवीत. गूळ विकला गेला कीं अडत्याकडून पट्टी येई. पट्टी म्हणजे एक लांबट कागद. वरच्या बाजूस गुळाचे रवे किती, वजन किती, भाव काय निघाला आणि एकूण रक्कम किती झाली, हें लिहिलेलें असे. त्याखालीं अडत, हमाली, तोलाई, गाडीभाडें अशी एकेक वजावट. आणि अगदीं तळाशीं जी बाकी उरे ती रोख हातीं पडे. आजोबा कीर्द लिहावयास बसत तेव्हां वरची पूर्ण रक्कम गुळाच्या विक्रींत जमा धरीत आणि खालची प्रत्येक वजावट वेगळी खर्चीं घालीत. मीं एकदां बालिशपणें विचारलें होतें कीं, हातांत आलेली रक्कम एकदांच लिहिली तर चालणार नाहीं का? ते म्हणाले, "मग अडत्यानें हमाली दोनदां कापली तर मला कसें कळायचें रे?"

ऑनलाइन बाजारपेठ ही नव्या काळाची अडत्याच आहे. माल आपला, गिऱ्हाईक तिनें आणलेलें, पैसे तिच्या हातांत, आणि वजावटी करून उरलेली रक्कम आपल्या खात्यांत. तिची पट्टीही येते. मात्र ती लांबट कागदावर न येतां चाळीस-पन्नास रकान्यांच्या तक्त्याच्या रूपानें येते, म्हणून तिला कोणी पट्टी म्हणून ओळखत नाहीं. बँकेंत आलेला आंकडा हा त्या पट्टीचा तळ होय. वहिनींच्या घरीं तळाचा आंकडा विक्री म्हणून लिहिला जात होता.

आतां कांहीं आंकडे सांगतों. ऐकतांना ते निसटतात हें मला ठाऊक आहे, म्हणून ज्यांच्या हाताशीं पेन्सिल असेल त्यांनीं ती घ्यावी. समजण्यास सोपे जावे म्हणून मीं ते गोल केले आहेत, आणि धने, खोबरें वगैरे जिनसांच्या खरेदीवरचा कर बाजूला ठेवला आहे.

मसाल्याचा पुडा २१० रुपयांना विकला जातो. मिश्र मसाल्यावर जीएसटी ५ टक्के आहे. म्हणजे त्या २१० रुपयांत २०० वहिनींचे आणि १० सरकारचे. महिन्यांत १०० पुडे गेले, १० परत आले, ९० राहिले. त्यांचे झाले १८,९०० रुपये. पैकीं माल १८,००० चा आणि कर ९०० चा. बाजारपेठेनें दलालीचे १,८०० आणि वाहतूक-हाताळणीचे २,४०० मिळून ४,२०० रुपये लावले. या सेवेवर १८ टक्के दरानें जीएसटी पडला ७५६ रुपये. शिवाय दोन बारीक कपाती झाल्या : मालाच्या किंमतीवर अर्धा टक्का, म्हणजे ९० रुपये, जीएसटीपोटीं, आणि शेंकडा दहा पैसे दरानें १८ रुपये प्राप्तिकरापोटीं. हें सर्व वजा जातां बँकेंत आले १३,८३६ रुपये.

मुलीनें विक्री लिहिली १३,८३६. त्यांतच कर आला असें धरून ६५९ रुपये कर काढला आणि तो रोख भरून टाकला. वास्तविक कर होता ९०० रुपये. परंतु बाजारपेठेला सेवेपोटीं दिलेले ७५६ रुपये त्यांतून वजा मिळावयाचे होते. उरले १४४. त्यांतील ९० रुपये बाजारपेठेनें वहिनींच्या नांवावर आधींच भरलेले होते. रोख भरावयाचे उरले ५४ रुपये. चौपन्न रुपयांच्या ठिकाणीं या माउलीनें सहाशें एकोणसाठ भरले, आणि वर १८,००० च्या विक्रीऐवजीं १३,१७७ दाखविल्याचा ठपकाही घेतला! कर जास्त भरून विक्री लपविल्याचा संशय ओढवून घेणारा मनुष्य कायद्याच्या पुस्तकांत सांपडावयाचा नाहीं, पण आपल्या शहरांतल्या घरोघरीं तो आहे.

नफ्याचें काय झालें तेंही पाहूं. एका पुड्याला जिन्नस, दळण आणि पिशवी मिळून १२० रुपये पडतात. परत आलेला खाण्याचा माल पुन्हां विकतां येत नाहीं, म्हणून खर्च शंभरही पुड्यांचा धरावयास हवा : १२,००० रुपये. अठरा हजारांतून हे बारा हजार आणि बाजारपेठेचे चार हजार दोनशें गेले, म्हणजे महिन्याचा खरा नफा १,८०० रुपये. वहिनींच्या पद्धतीनें हातांत राहत होते १,१७७. महिन्याला ६२३ रुपये, म्हणजे नफ्याच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक रक्कम, केवळ लिहिण्याच्या चुकीनें जात होती. वर्षाला हे साडेसात हजारांच्या घरांत जातात. आणि दलाली-वाहतुकीचे ४,२०० रुपये हे आपल्या नफ्याच्या दुपटीहून अधिक आहेत, ही गोष्ट त्यांच्या नजरेला कधीं पडलीच नव्हती. कारण तो आंकडा त्यांच्या हिशेबांत कोठेंच नव्हता.

सरकारला मूळ आंकडा कसा कळतो, हा प्रश्न त्यांनीं मला विचारलाच. जीएसटी १ जुलै २०१७ रोजीं सुरू झाला. १ ऑक्टोबर २०१८ पासून ऑनलाइन बाजारपेठांवर असें बंधन आलें कीं, विक्रेत्याच्या करपात्र विक्रीवर एक टक्का रक्कम कापून ती त्याच्या नांवानें सरकारांत भरावी आणि विक्रीचें विवरण द्यावें. १० जुलै २०२४ पासून तो दर अर्धा टक्का झाला. प्राप्तिकराची कपात १ ऑक्टोबर २०२० पासून सुरू झाली; पुढें एक टक्का असलेली ती कपात १ ऑक्टोबर २०२४ पासून दशांश एक टक्क्यावर आली. दर इतके लहान कीं त्यांचा त्रास कोणाला होऊं नये; पण त्यांच्या पाठोपाठ पूर्ण विक्रीचा आंकडा सरकारदरबारीं पोंचतो. जीएसटीपोटीं कापलेली रक्कम आपल्याकडे आपोआप वळती होत नाहीं, हेंही येथेंच सांगून ठेवतों. जीएसटीच्या संकेतस्थळावर जाऊन ती आपण स्वीकारावी लागते, तेव्हां ती आपल्या रोख खात्यांत जमा होते. वहिनींची वर्षभराची रक्कम तेथें तशीच पडून होती.

आतां उपाय. तो आजोबांच्या कीर्दींतलाच आहे. सॉफ्टवेअरमध्यें बाजारपेठेच्या नांवाचें एक स्वतंत्र खातें उघडावें, अडत्याचें उघडीत तसें. फाइल इंपोर्ट करतांना विक्रीची पूर्ण रक्कम, आपल्या उदाहरणांत १८,९००, त्या खात्याच्या नांवें टाकावी. मग दलाली, वाहतूक, त्यांवरचा जीएसटी आणि दोन्ही कपाती त्या खात्यांत जमेस धराव्या, आणि त्यांच्या समोरच्या नोंदी आपापल्या खात्यांत जाऊं द्याव्या : दलाली खर्चांत, ७५६ वजावटीच्या करांत, ९० आणि १८ सरकारकडून येणें म्हणून. शेवटीं बँकेंत आलेले १३,८३६ त्याच खात्यांत जमा झाले कीं खातें शून्यावर येतें. शून्य आलें तर पट्टी जुळली. न आलें तर जी रक्कम उरली असेल तिला कांहींतरी कारण असलेंच पाहिजे.

हें न केल्यानें होणारा दुसरा घोटाळा पहिल्याच्या नेमका उलट असतो. सॉफ्टवेअरला बँकेचें खातें जोडलेलें असतें. बँकेंत पैसे आले कीं तें विचारतें, 'ही रक्कम कशाची?' घरांतील कोणीतरी 'विक्री' असें उत्तर देतें. पुढें महिनाअखेर दुसरें कोणी विक्रीची फाइल इंपोर्ट करतें. तोच मसाला दोनदां विकला जातो, एकदां बँकेच्या वाटेनें आणि एकदां फाइलीच्या वाटेनें. नफा पाहून मंडळी हरखतात. मीं पाहिलेल्या एका घरीं त्या हर्षाच्या भरांत नवें मिक्सर आलें होतें.

फाइलीच्या खोड्यांविषयीं थोडें सांगितलें पाहिजे, कारण त्या अगदीं साध्या असून फार छळतात. तारखेचेंच घ्या. परदेशीं बनलेल्या पुष्कळ सॉफ्टवेअरांत महिना आधीं आणि दिवस नंतर लिहितात. ०४/०५ ही आपली ४ मे, त्यांची ५ एप्रिल. तेरा तारखेपासून पुढें यंत्र गोंधळून निदान तक्रार तरी करतें. पहिल्या बारा दिवसांची विक्री मात्र निमूटपणें भलत्याच महिन्यांत जाऊन बसते. कांहीं फाइलींत वेळ जागतिक प्रमाणाची असते, आपल्या घड्याळाच्या साडेपांच तास मागें. १ एप्रिलच्या पहांटे तीन वाजतां कोणी मागणी नोंदविली, तर फाइलींत ती ३१ मार्चच्या रात्रीं साडेनऊची दिसते. एका दिवसाचा फरक, पण हिशेबाचें वर्ष बदललें!

एक्सेलमध्यें फाइल नुसती उघडून पुन्हां जतन केली तरी आंत बदल होतात, यावर लोकांचा विश्वास बसत नाहीं. एक्सेल कोणत्याही संख्येचे पंधराच अंक खरे राखतें. मागणीचा क्रमांक केवळ अंकांचा आणि त्याहून लांब असेल तर पुढचे अंक शून्यें होतात. क्रमांकाच्या आरंभींचीं शून्यें गळून पडतात. मालाला कोणी 'मार्च' या इंग्रजी महिन्याचीं पहिलीं तीन अक्षरें आणि एक आंकडा असें चिन्ह दिलें असेल, तर त्याची तारीख बनते. ही खोड केवळ मसालेवाल्यांनाच नडते असें नव्हे. मानवी जनुकांच्या कांहीं नांवांचें एक्सेल असेंच तारखांत रूपांतर करीत असे, आणि शास्त्रज्ञांचे तक्ते वर्षानुवर्षें बिघडत राहिले. अखेर २०२० सालीं जनुकांचीं नांवें ठरविणाऱ्या समितीनेंच तीं नांवें बदललीं. मोठमोठ्या प्रयोगशाळांना जेथें हार खावी लागली तेथें आपण सावधच असलेलें बरें. म्हणून मूळ फाइल उघडण्यापूर्वीं तिची एक प्रत जशीच्या तशी वेगळी ठेवावी आणि काम दुसऱ्या प्रतीवर करावें. मालाचीं नांवें देवनागरींत असतील तर तीं उघडल्यावर चित्रविचित्र चिन्हें दिसतात. तेव्हां घाबरूं नये. फाइल उघडतांना 'यूटीएफ-८' हा पर्याय निवडला कीं गोडा मसाला पुन्हां गोडा मसाला होतो.

तीच फाइल दोनदां आंत जाणें हाही नित्याचा प्रकार आहे. त्याला इलाज एकच : प्रत्येक नोंदीवर मागणीचा किंवा बिलाचा मूळ क्रमांक राहूं द्यावा, आणि तो क्रमांक दुसऱ्यांदा आला तर सॉफ्टवेअरनें अडवावें अशी तजवीज करावी. पुष्कळ सॉफ्टवेअरांत ही सोय असते, पण ती चालू करावी लागते.

येथें एक प्रश्न येतो, आणि त्यावर जाणत्यांचें एकमत नाहीं. प्रत्येक मागणीची वेगळी नोंद घालावी कीं महिन्याची एकत्र? माझें मत लहान विक्रेत्यापुरतें स्पष्ट आहे. हजार गिऱ्हाइकांचीं हजार खातीं उघडून आपली वही भरविण्यांत अर्थ नाहीं. किरकोळ गिऱ्हाइकांची विक्री जीएसटीच्या विवरणांतही राज्यवार आणि दरवार एकत्रच द्यावयाची असते. परराज्यांतील एकच बिल एक लाख रुपयांहून अधिक झालें तरच तें वेगळें दाखवावें लागतें, आणि ही मर्यादा १ ऑगस्ट २०२४ पूर्वीं अडीच लाखांची होती. मसाल्याचें एक लाखाचें बिल वहिनींना मिळालें तर त्या आम्हांला पेढे देतील. तेव्हां राज्यवार बेरजा कीर्दींत आणि मागण्यांची सविस्तर फाइल दप्तरांत, ही विभागणी पुरेशी आहे. स्वतःचा जीएसटी क्रमांक देऊन बिल मागणारा व्यापारी गिऱ्हाईक मात्र या गर्दींत ढकलूं नये. त्याची नोंद वेगळीच हवी, नाहीं तर त्याची वजावट अडेल आणि तो आपल्यावर रागावेल.

राज्यवार असें मीं म्हटलें त्याचें कारण असें कीं, पुडा पुण्याहून नाशिकला गेला तर कराचे दोन समान भाग पडतात, एक केंद्राचा आणि एक महाराष्ट्राचा. तोच पुडा बेळगांवला किंवा पणजीला गेला तर एकच एकात्मिक कर लागतो. रक्कम तितकीच असते, पण खातें निराळें. फाइलींत गिऱ्हाइकाच्या राज्याचा रकाना असतो. इंपोर्ट करतांना तो रकाना कोणत्या खात्याशीं जोडावयाचा हें सॉफ्टवेअरला आपण सांगावें लागतें. न सांगितलें तर सगळा हिंदुस्थान महाराष्ट्रांत येऊन बसतो. याच राज्याच्या सीमेवर आणखी एक सवलत अवलंबून आहे. ऑनलाइन बाजारपेठेंतून माल विकणाऱ्याला, विक्री कितीही थोडी असली तरी, जीएसटीची नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून, जो लहान विक्रेता केवळ आपल्या राज्यांतच माल पाठवितो त्याला तींतून सूट मिळाली. वहिनींचा मसाला बेळगांवला जातो, सूट गेली!

परत येणाऱ्या मालाचें प्रकरण याहून नाजूक आहे. आपल्याकडे माल दारांत आल्यावर पैसे देण्याची पद्धत अजून लोकप्रिय आहे, आणि दारांत आल्यावर 'नको' म्हणण्याचीही. विक्री ऑगस्टची, परत आलें सप्टेंबरांत. अशा वेळीं ऑगस्टची नोंद खोडून टाकण्याचा मोह होतो, कारण यंत्रांत खोडल्याचा डाग उरत नाहीं. तसें करूं नये. ऑगस्टची विक्री ऑगस्टांतच राहूं द्यावी आणि सप्टेंबरांत क्रेडिट नोट करून ती कमी करावी. हिशेबाचें वर्ष संपल्यानंतर येणारी ३० नोव्हेंबर ही याची शेवटची मुदत आहे. राहून गेलेली वजावट घेण्याचीही शेवटची मुदत साधारणपणें तीच, वार्षिक विवरण त्याआधीं दिलें नसेल तर. वहिनींचा कागद दिवाळीच्या आधीं आला होता असें मीं मघाशीं सांगितलें, तें याचसाठीं. तो डिसेंबरांत येता तर वर्षभराचे, महिन्याला ७५६ प्रमाणें, नऊ हजारांवर रुपये बुडाले असते आणि कोणालाही कांहीं करतां आलें नसतें.

ज्यांचें दुकान स्वतःच्या संकेतस्थळावर आहे त्यांना बाजारपेठेची ती अर्ध्या टक्क्याची कपात लागत नाहीं. परंतु पैसे गोळा करून देणारी जी पेढी मध्यें असते ती आपलें शुल्क कापूनच रक्कम पाठविते. तेव्हां त्यांनींही त्या पेढीचें खातें उघडावें; बाकी रीत तीच.

सॉफ्टवेअर कोणतें घ्यावें, हें मला पुष्कळ लोक विचारतात. टॅलीची जन्मकथा येथें सांगण्यासारखी आहे. कारखान्यांना व कापडगिरण्यांना माल पुरविणारे श्यामसुंदर गोएंका यांना आपल्या धंद्याचा हिशेब मनासारखा ठेवणारें सॉफ्टवेअर बाजारांत मिळेना, म्हणून त्यांनीं आपला मुलगा भरत यालाच तें करावयास सांगितलें. १९८६ सालीं त्यांतून जी कंपनी उभी राहिली तिचें सॉफ्टवेअर आज आपल्या गल्लीगल्लींतल्या दुकानांत आहे. धंदा करणाऱ्याच्या घरांत तें जन्मलें, म्हणून जमा-नांवें जाणणाऱ्या मनुष्याला तें लवकर उमजतें. बाहेरची फाइल आंत घेण्यासाठीं पूर्वीं त्याला एक्सएमएल नांवाच्या अवघड सांच्यांत घातलेली माहिती लागे. आतां एक्सेलचा तक्ताही चालतो. तरीपण जें सॉफ्टवेअर तुमच्या घरांत हिशेब लिहिणाऱ्या माणसाला कळतें तें तुमच्यासाठीं चांगलें, एवढेंच मी म्हणेन. आणि कोणतेंही घेतलें तरी आपल्या दप्तराची प्रत आपल्या हातीं ठेवावी. क्विकबुक्स हें जगभर चालणारें हिशेबाचें सॉफ्टवेअर २०२३ सालीं भारतांतून बंद झालें, आणि तें वापरणाऱ्यांना आपलीं वर्षांचीं दप्तरें मुदतींत उचलून दुसरीकडे न्यावीं लागलीं. जीएसटीच्या कायद्याप्रमाणें हिशेबाचीं पुस्तकें त्या वर्षाच्या वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपावीं लागतात. बाजारपेठेच्या संकेतस्थळावर जुन्या फाइली तितके दिवस मिळतील, या भरंवशावर राहूं नये. दरमहा उतरवून घ्याव्या.

वहिनींच्या त्या कागदाला आम्ही तिघांनीं, म्हणजे त्यांनीं, मुलीनें आणि मीं, चार रविवार बसून उत्तर तयार केलें. बारा महिन्यांच्या बारा पट्ट्या मांडल्या, प्रत्येक महिन्याची पूर्ण विक्री काढली, फरकाचा कर दाखविला, राहिलेली वजावट मुदतींत घेतली आणि पडून असलेली रक्कम स्वीकारली. वहिनींनीं दलालीचा आंकडा पहिल्यांदा डोळ्यांनीं पाहिला तेव्हां त्या बराच वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "म्हणजे भाऊजी, मी कमावतें त्यापेक्षां ते जास्त कमावतात कीं." पुढच्या महिन्यापासून त्यांनीं दोन-दोन पुड्यांचा जोड विकावयास काढला. एका पार्सलांत दोन पुडे गेले कीं वाहतूक दोनदां पडत नाहीं.

परतीच्या मालाची नोंद आतां त्या घरीं पुडा दारांत आल्यावरच होते. फाइलींत परत लिहिलें आहे एवढ्यावर ती करीत नाहींत, दोन्हींचा मेळ मात्र घालतात. ३१ मार्चला मुलीनें बाजारपेठेचें खातें काढलें. मार्चअखेरच्या विक्रीचे जे पैसे एप्रिलांत यावयाचे होते ते बाजूला काढल्यावर तें शून्य व्हावयाचें, तें झालें नाहीं. ४२० रुपये उरले. वहिनींचे यजमान तो आंकडा ऐकून मोठ्यानें हंसले. मुलगी मात्र रात्रीं उशिरापर्यंत फाइली लावीत बसली. दोन पुडे परत केले म्हणून बाजारपेठेनें पैसे कापले होते, आणि ते दोन पुडे घरीं कधीं पोंचलेच नव्हते. तिनें दोन्ही मागण्यांचे क्रमांक देऊन तक्रार नोंदविली. एप्रिलच्या तिसऱ्या पट्टींत 'भरपाई' या रकान्यांत ४२० रुपये आले, आणि ते कोणत्या खात्यांत घालावयाचे हें विचारावयास ती आमच्याकडे आली नाहीं.